मोटरवालीचं घर

पुंजाराम ड्रायव्हर जालन्याच्या कन्याशाळेतून निवृत्त झाला, तेव्हा शाळेनं त्याला शाल दिली, नारळ दिला आणि वरून बस दिली. शाल आखूड होती, नारळ कुजका निघाला, पण बस मात्र अख्खी होती. संस्थेनं नवी गाडी घेतली होती आणि जुनी ठेवायला जागा नव्हती, हे खरं कारण. सभेत मात्र अध्यक्ष म्हणाले, की ज्यानं ही गाडी पोटच्या पोरीसारखी सांभाळली, त्याच्या हाती ती सोपवताना संस्थेला गहिवरून येत आहे. पुंजारामला तर खरंच गहिवरून आलं. डोळे पुसत पुसत त्यानं बस घराकडे आणली आणि गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की गल्ली बसपेक्षा अरुंद आहे.

मग बस ख्वाजामियाँच्या आवारात गेली. ख्वाजामियाँ मोटारींचा मिस्त्री. कुंडलिका नदीच्या अलीकडे त्याचं दुकान होतं आणि मागं मोकळं आवार, त्यात एक कडुलिंब आणि एक विहीर. निजामाच्या राज्यापासून त्यानं आणि पुंजारामनं मिळूनच त्या बसचा जीव धरून ठेवला होता. एकजण चालवायचा, दुसरा ढकलायचा, आणि गाडी सुरू झाली की दोघंही आपलंच श्रेय सांगायचे.

पुंजारामच्या मनात एक जुनं शल्य होतं. त्याची बायको द्वारकाबाई शहागडची. लग्न ठरलं तेव्हा ती मैत्रिणींना सांगून बसली, की आमचे मोटर चालवतात, मी माहेरी येईन तर मोटरनंच. पण मोटर शाळेची! तीत मुली बसायच्या, बाई बसायच्या, एकदा अध्यक्षांची म्हैससुद्धा बसली. ड्रायव्हरच्या बायकोला मात्र मुभा नव्हती. द्वारकाबाई जन्मभर बैलगाडीतून माहेरी गेली आणि पुढं एस.टी.तून. दर खेपेला थोरली भावजय तुळजाबाई दारात उभी राहून विचारायची, "वन्सं, मोटर कुठं लावली?" घरातल्या बायका पदरात तोंड घालून हसायच्या. मग लगेच दुसरा प्रश्न यायचा, किती दिवसांचा मुक्काम. गावात तिचं नावच मोटरवाली पडलं होतं. द्वारकाबाई हे घरी येऊन हसत हसत सांगायची आणि पुंजाराम ऐकत ऐकत विडी विझवायचा.

तेव्हा बस हातात आली, त्या दिवशीच त्यानं मनात ठरवून टाकलं. बायकोला या बसमध्ये पुढं बसवायचं आणि गाडी शहागडला तुळजाबाईच्या दारात नेऊन उभी करायची. मग डोळे मिटले तरी चालतील.

तेवढ्यात खोलीमालकानं खोली सोडायला सांगितलं. द्वारकाबाईचा संसार खोल्या बदलण्यातच गेला होता. एका मालकाला फोडणीचा ठसका लागायचा, दुसऱ्याला तिचा हरिपाठ, तिसऱ्याच्या सुनेला ती नुसती डोळ्यांसमोरही नको असायची. पुंजाराम म्हणाला, बसमध्येच राहू. घरचं घर आणि मोटरची मोटर. आदल्या वर्षीच अख्खं जालना जागचं न हलता हैदराबाद राज्यातून उठून मुंबई राज्यात गेलं होतं. एवढं मोठं गाव असा मुक्काम बदलतं, तर दोन माणसांनी बदलायला काय हरकत आहे, असं त्याचं म्हणणं. द्वारकाबाईनं बस आतून बाहेरून पाहिली आणि फक्त एवढंच विचारलं, की इथून कुणी उठवणार तर नाही ना?

ख्वाजामियाँ म्हणाला, "भाभी, ये जगा तुमची. कोण उठवून राह्यलं?"

झालं. बाकं उपटली, दोन जोडून पलंग केला, उरलेल्या फळ्यांची मांडणी झाली. निजामाच्या काळात मुलींच्या गाडीला जाड हिरवे पडदे असायचे. राज्य गेलं, पडदे राहिले. द्वारकाबाईनं अर्ध्यांची वाकळ शिवली आणि उरलेले मोरीला लावले. तुळशीला जागा सापडेना, तर कुंडी बॉनेटवर चढवली. टपावर पापड वाळू लागले. ड्रायव्हरच्या आरशात बघून ती कुंकू लावू लागली आणि स्टिअरिंगला कांद्याची माळ अडकली. हे सगळं पुंजारामनं हसत सोसलं. पण एका सकाळी तिनं बसची फळ्यांची जमीन शेणानं सारवायला घेतली, तेव्हा ख्वाजामियाँनं डोळे मिटून घेतले आणि खुदाचं नाव घेतलं.

मग वास्तुशांत. घर म्हटलं की ती आलीच. गिरिधरशास्त्री आले, बसभोवती एक फेरी मारली आणि दार कोणत्या दिशेला आहे ते विचारलं.

"तुम्ही सांगा, गुरुजी," पुंजाराम म्हणाला. "जशी पायजे तशी वळवून देतो."

एवढ्या वर्षांच्या भिक्षुकीत शास्त्रीबुवांना असा यजमान भेटला नव्हता. त्यांनी पूर्व सांगितली. ख्वाजामियाँनं हँडल मारून इंजिन सुरू केलं, पुंजारामनं दोनदा मागंपुढं करून दार पूर्वेला आणलं आणि बसचं नाक आपोआप दक्षिणेला, अंबड रस्त्याकडे झालं. इथवर सगळं यथासांग झालं. मग गुरुजी म्हणाले, चूल आग्नेयेला हवी, तो अग्नीचा कोपरा. आता आग्नेय कोपरा म्हणजे ड्रायव्हरच्या डावीकडची सीट, आणि तिच्याखाली पेट्रोलची टाकी.

"उधर चुल्हा नको, भाभी," ख्वाजामियाँ घाईनं म्हणाला. "उधर इंजनची आग पहलेसेच हाय. दोन आगी एक जगा आल्या तर सीधे ऊपर."

वर जायची घाई गुरुजींनाही नव्हती, म्हणून चूल मागच्या बाजूला गेली. पण वास्तुपुरुषाची प्रतिमा तरी आग्नेयेलाच पुरायला हवी. बसच्या फळीत कसं पुरणार? गुरुजींनी विचार केला आणि सोवळ्यानिशी बसखाली शिरले. बरोबर त्या सीटच्या खालच्या जमिनीत खड्डा करून त्यांनी प्रतिमा पुरली. बाहेर आले तेव्हा सोवळ्यावर इंजिनाचं काळं तेल लागलं होतं आणि मंत्रात मधूनच दुसरे शब्द येत होते.

दक्षिणा देताना द्वारकाबाईनं त्यांना विचारून घेतलं, की हे आता हलवायचं नाही ना? वास्तुपुरुष हलला की घर हलतं, गुरुजींनी बजावलं. द्वारकाबाईनं हात जोडले. पुंजाराम मात्र पंचपात्र हातात धरून तसाच उभा राहिला, कारण काय घडलं ते त्याला आत्ता कळलं. चार चाकांचं घर त्यानं आपल्याच हातानं जमिनीत रोवलं होतं.

त्यानं आठ-पंधरा दिवस जाऊ दिले आणि मग शहागडचा विषय काढला. एकदा जाऊन येऊ, लगेच परत. द्वारकाबाई भाकरी थापता थापता थांबली.

"देव जमिनीत हाय," ती म्हणाली. "अन् घर घेऊन कोणी माहेरी जातं का? लोक काय म्हणतील?"

"तुझी वहिनी काय म्हणती ते आठव ना."

"म्हणू द्या. तिला काय, तिला घर हाय. मला आत्ता गावलंय."

ती खरं बोलत होती, आणि तेच पुंजारामला टोचत होतं. तो रोज पहाटे शाळेच्या वेळेला उठायचा, ड्रायव्हरच्या सीटवर बसून चहा प्यायचा आणि समोरच्या अंबड रस्त्याकडे बघायचा. हात चुकून स्टिअरिंग फिरवायचे, कांदे खाली पडायचे आणि मागून बोलणी यायची. दर अमावास्येला इंजिनाचा घसा साफ करायचा म्हणून तो बस जागच्या जागी सुरू करायचा. मग मांडणीवरची भांडी नाचायची आणि दूध उतू जायचं. ख्वाजामियाँनं पेट्रोलचा एक डबा भरून दुकानात ठेवला होता. कशाला, असं कुणी विचारलं तर तो दाढी खाजवायचा.

असं वर्ष गेलं आणि ख्वाजामियाँच्या लेकीचं, मेहरुन्निसाचं लग्न ठरलं. ही मुलगी शाळेच्या बसमध्ये सगळ्यात आधी चढायची आणि पुढची डावी सीट कुणाला द्यायची नाही. द्वारकाबाईचा तिच्यावर फार जीव. लग्न चार दिवसांवर आलं, तशी मांडववाले दोरी घेऊन आवारात फिरू लागले. कडुलिंबापासून मोजलं तर मध्ये बस, विहिरीपासून मोजलं तरी मध्ये बसच. ख्वाजामियाँ दोनदा चहाला येऊन गेला, कांद्यांची चौकशी केली, तुळशीची केली, आणि काही न बोलता परतला. शेवटी द्वारकाबाईनंच विचारलं.

"मांडव गल्लीत टाकतो, भाभी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तुमी फिकर करू नका. तुमचं घर हाय."

जागा त्याची, लेक त्याची, आणि हा माणूस गल्लीत मांडव टाकतो म्हणतो. द्वारकाबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं शास्त्रीबुवांना बोलावणं धाडलं. मागचं तेल आठवून ते बसपासून चांगले लांब उभे राहिले.

"गुरुजी, तो कोपरा अग्नीचा, असंच म्हणले होते ना तुम्ही?"

गुरुजी हो म्हणाले.

"मंग ह्या घराचा अग्नी मोटरच्या पोटात हाय. ख्वाजाभाईनं तव्हाच सांगितलं. देव खाली अन् घर वर, असं कसं चालंल? देव घरात पायजे."

शास्त्रीबुवांनी बराच वेळ बसकडे पाहिलं. ग्रंथात मोटर नाही, ते म्हणाले, त्यामुळे शास्त्राचा विरोधही दिसत नाही. मात्र खाली शिरायला त्यांनी साफ नकार दिला. मग द्वारकाबाई स्वतः कासोटा खोचून बसखाली गेली. माती उकरून प्रतिमा काढली, तांब्याच्या डब्यात त्याच मातीत ठेवली आणि डबा डाव्या सीटच्या पायथ्याशी तारेनं घट्ट बांधला. पुंजाराम हे सगळं बघत होता. मग त्यानं पक्कड घेतली आणि ती तार आणखी एकदा पिळली.

बस विहिरीपलीकडे लावायची ठरली. कांदे उतरले, तुळशीची कुंडी द्वारकाबाईनं मांडीवर घेतली आणि जन्मात पहिल्यांदा ती त्या बसच्या पुढच्या सीटवर बसली. ख्वाजामियाँनं हँडल मारलं. भांडी नाचली. विहीर मागं पडली तसा पुंजारामनं ब्रेक दाबला.

द्वारकाबाई समोरच्या काचेतून अंबड रस्त्याकडे बघत होती.

"थांबले कशाला?" ती म्हणाली.

"विहीर झाली."

"निकाहला अजून वेळ हाय. शहागडची वाट ठाव हाय ना तुम्हाला?"

पुंजारामनं उत्तरादाखल भोंगाच वाजवला. ख्वाजामियाँ पेट्रोलचा डबा घेऊन पळत आला. कशाला भरून ठेवला होता, ते आता कुणी विचारलं नाही.

वाटेत बसनं आपल्या सवयी सोडल्या नाहीत. म्हणजे पुंजारामच्या हातांनी सोडल्या नाहीत. दर गल्लीच्या तोंडाशी तो भोंगा वाजवून थांबायचा, पोरी चढायची वाट बघायचा आणि द्वारकाबाईनं कोपर मारलं की निघायचा. अंबडला कचेरीसमोर थांबून तिनं चूल पेटवली, तर खिडकीतून धूर निघाला म्हणून वकील आणि पक्षकार बादल्या घेऊन धावले. आत पिठलं होतं. दोघातिघांनी ते खाल्लंही.

उन्हं कलता कलता बस शहागडला पोचली आणि भावाच्या दारात जाऊन उभी राहिली. भोंग्यानं अख्खी आळी गोळा झाली. तुळजाबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. बसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिची नजर गेली, मग परत आली. नेहमीचा पहिला प्रश्न तिच्या ओठावर होता, पण तो विचारायची सोय राहिली नव्हती. म्हणून तिनं दुसरा विचारला.

"किती दिवसांचा मुक्काम, वन्सं?"

द्वारकाबाई खाली उतरली नाही. हळदीकुंकवानं रंगवलेल्या पायरीवर, आपल्या उंबऱ्यात, ती तुळस घेऊन उभी होती.

"मुक्काम कशाचा, वहिनी? मी घरीच हाय," ती म्हणाली. "या ना आत. च्या टाकते."

तुळजाबाईनं हात पदराला पुसले, चपला पायरीखाली काढल्या आणि परक्या घरात पाहुणी जाते तशी, पदर सारखा करत ती आत चढली.