डबल बेसच्या पोटातली काठी

चंडीगडची नोकरी धरली तेव्हा मी बायकोला सांगितलं होतं, "तिथे गेलो की पहिल्यांदा तुझा डबल बेस घेऊ."

आम्ही दोघंही नगरकडचे मराठी ख्रिस्ती. लग्नाआधी ती पुण्यात एका चर्चच्या वाद्यवृंदात डबल बेस वाजवायची. व्हायोलिनच्या घराण्यातलं हे सगळ्यात थोरलं वाद्य. माणसाहून उंच, उभ्यानं वाजवायचं, आणि आवाज असा खोल की तो कानाआधी छातीला कळतो. ते वाद्य चर्चचं होतं. ते तिथेच राहिलं आणि ती माझ्याबरोबर इकडे आली.

पहिल्यांदा घेतला तो फ्रिज. मग रंगीत टीव्ही, मग वॉशिंग मशीन, मग हप्त्यांवर मारुती. नव्वदची ती वर्षंच तशी होती. दर महिन्याला बाजारात काहीतरी नवं यायचं, आणि प्रत्येक वस्तू घेण्यामागे माझ्याकडे एक चांगलं कारण असायचं. तिने तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने केली नाही. फक्त कधी भाजी परतताना तिच्या डाव्या हाताची बोटं ओट्याच्या कडेवर तारा दाबल्यासारखी फिरायची. मी ते पाहायचो आणि पेपर उघडायचो.

मग एका रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात बँडमास्तर आमच्याजवळ आले. लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, पाठ अजून परेडवर असल्यासारखी. नाताळच्या कार्यक्रमासाठी ते तंतुवाद्यांचा एक गट बांधत होते. बायको बेस वाजवायची हे त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं.

"बेटी, आ जाओ. मगर बाजा अपना लाना पड़ेगा."

"आणि नाही मिळालं तर?" तिने हिंदीतच विचारलं.

"तो कीबोर्ड से काम चला लेंगे. बटन दबाओ, बेस बज जाता है." असं म्हणताना त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला.

घरी येताना गाडीत मीच म्हणालो, "या वेळी घ्यायचाच."

"बघू," ती म्हणाली. हे 'बघू' ती माझ्याकडूनच शिकली होती.

सेक्टर बावीसच्या वाद्यांच्या दुकानात गिटारी होत्या, ढोलक्या होत्या, कीबोर्डांची तर भिंतच होती. मी डबल बेस म्हणताच दुकानदाराने हात डोक्याच्या वर नेऊन उंची दाखवली. "ओ जी, वो? उसको रखोगे कहाँ? आप सोओगे कहाँ?" दिल्लीहून मागवायची जी किंमत त्याने सांगितली ती ऐकून मी बाहेर येऊन म्हणालो, गाडी विकू.

"वेड लागलंय का?" बायको म्हणाली. "लेकीला शाळेत काय बेसवर बसवून नेणार?"

नऊ वर्षांची आमची लेक मराठी सगळं समजायची, उत्तर मात्र हिंदीत द्यायची. "मैं बैठ जाऊँगी, पप्पा," ती म्हणाली. "बस से तो अच्छा ही है."

शेवटी बेसचा पत्ता बँडमास्तरांनीच लावला. पिंजौरच्या पुढे, कालक्याच्या रस्त्यावर एक जुनं हॉटेल होतं. तिथे शनिवारी चार जणांचा बँड वाजायचा. मालकाने तो बंद करून एकाच माणसाला कीबोर्ड घेऊन बसवला होता. बेस कोठीत पडून होता. दुसऱ्याच दिवशी बँडमास्तर एका लग्नासाठी डेहराडूनला गेले, म्हणून शनिवारी आम्ही दोघंच निघालो. एक छोटा टेम्पो ठरवला आणि घरातली गादी त्यात टाकली.

हॉटेलच्या मॅनेजरने फटकन किंमत सांगितली, आणि ती ऐकून माझा विश्वासच बसेना. माझ्या एका पगारात बसत होती. वाद्य मोठ्या खुर्च्यांच्या मागे भिंतीला टेकवलेलं होतं, धुळीने राखाडी. बायकोने पदराने त्याचे खांदे पुसले, तारा बोटांनी हळूहळू सुरात आणल्या, आणि उभी राहून वाजवायला लागली. गज सापडत नव्हता म्हणून नुसत्या बोटांनी. कोठीच्या दारात वेटर येऊन थांबले. एकाच्या हातात सूपचा ट्रे होता. तिचे डोळे मिटलेले होते. इतक्या वर्षांत मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्या क्षणी आनंदापेक्षा लाजच जास्त वाटली.

मॅनेजरने टाळ्या वाजवल्या आणि किंमत दीडपट केली.

"मॅडम, चीज तो बढ़िया है. मुझे पता ही नहीं था."

"मी उगाच वाजवलं," ती माझ्या कानाशी मराठीत पुटपुटली.

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे हे घासाघीस करताना बोलण्यात आलं. मॅनेजरने लगेच डावा कान माझ्यापुढे केला. महिनाभर बंद होता म्हणे. मी बॅटरीच्या उजेडात पाहिलं, मळ घट्ट बसला होता, थेंब लिहून दिले, सोमवारी ओपीडीत या म्हणालो. किंमत मूळच्या जागी आली. हे नैतिक होतं का, हा विचार मी पुढे बरेच दिवस करत राहिलो. बायकोचं म्हणणं, कान त्याचा होता, बेस आपला होता, विचार कसला करायचा.

ती वेटरांबरोबर गज शोधायला आत गेली, आणि तेवढ्यात मी एक चूक केली. मला वाटलं, खडबडीत रस्त्यावर ताणलेल्या तारा तुटतील. रुग्णाला हलवताना जसा कुठलाही ताण राहू देत नाही, तसं मी चारही खुंट्या पिळून तारा पार लोंबकळेपर्यंत सैल केल्या. तारांखालची लाकडी घोडी निखळून हातात आली. ती मी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. आपण किती जपणारा नवरा आहोत, असंही मनात आलं.

गज मिळाला. बेस गादीवर झोपवून वर चादर टाकली, त्यामुळे तारा तिला दिसल्या नाहीत. पिंजौरच्या बाजारात टेम्पोने एक खड्डा घेतला आणि मागून आवाज आला. खटक्. पुढच्या वळणावर काहीतरी घरंगळलं. बायकोने ड्रायव्हरला थांबवलं, मागे जाऊन चादर उचलली.

"तारा कुणी सोडल्या?"

"मी. म्हटलं ताण नको."

"सगळ्या?"

"सगळ्या."

ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मागून येणारी बस हॉर्न वाजवत होती. मग तिने मला समजावलं, रागावून नाही, थकून. बेसच्या पोटात, वरच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये, एक काठी उभी असते. ती चिकटवलेली नसते, दोन फळ्यांच्या दाबाने टिकते, आणि तो दाब तारांचा. काठीशिवाय तारा ओढल्या तर पोटाची फळीच खचते. आणि काठीशिवाय आवाजही उरत नाही.

"मग हा..."

"सध्या हे कपाट आहे," ती म्हणाली.

घरी पोचताच मी डेहराडूनला फोन लावला. पलीकडे लग्नाचा ढोल वाजत होता. बँडमास्तर आधी हसले. "तोड़ा नहीं है डॉक्टर साहब, गिराया है." काठी परत उभी करणारा कारागीर दिल्लीत होता, पण त्याच्याकडे नाताळ उलटून जाईल एवढी कामं पडली होती. पोटावर इंग्रजी एफसारखी जी दोन भोकं असतात त्यांतल्या एकातून वाकडं हत्यार घालून, आत आरशात बघत, घोडीच्या उजव्या पायाच्या किंचित मागे ती काठी बसवायची असते. "बहुत टेढ़ा काम है," ते म्हणाले. "छेद में से उलटा देखना पड़ता है."

मी फोन ठेवला आणि तसाच उभा राहिलो. अरुंद भोकातून आत आरसा घालायचा, दिसणारं चित्र उलटं, चिमटा त्या उलट्या चित्राच्या हिशेबाने चालवायचा. मी रोज सकाळी लोकांच्या घशात दुसरं काय करतो?

रविवारी दुपारी, चर्चहून आल्यावर, हॉलमधल्या गादीवर बेस उताणा झोपवला. मी कपाळाला आरसा बांधला. लांब वाकडा चिमटा घेतला, घशात बघायचा दांडीचा आरसा घेतला. बायकोने बेस हलवून काठी भोकापर्यंत आणली आणि बाहेर काढली, मी तिच्या मधोमध टाके घालायचा रेशमी दोरा ओढताच सुटेल अशा गाठीने बांधला. मग सवयीने आरसा मेणबत्तीवर धरून गरम केला.

"हे काय करताय?"

"नाहीतर वाफ धरते. श्वासाची."

बायको माझ्याकडे बघत राहिली. "अहो, याला श्वास आहे का?"

लेक गादीवर लोळून हसली. "पप्पा, इसको बोलो आ करो!"

पहिल्यांदा काठी उभी राहिली आणि दोरा सोडताच खटकन पडली. पुन्हा तेच. बायको दुसऱ्या भोकातून बॅटरीचा उजेड पाडत होती आणि सूचना देत होती: अजून माझ्याकडे, आता घोडीकडे, वरचं टोक तिरकं आहे. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. ऑपरेशन टेबलवर मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. तिथे चुकलं तर सावरायला सहकारी असतात. इथे चुकलं तर तिचं 'बघू' उरणार होतं.

मग चिमट्याखाली मला तो दाब जाणवला. काठीचं खालचं टोक फळीवरच्या आपल्या जुन्या खुणेवर आलं, वरचं टोक सरकून घट्ट बसलं. मी हलकेच ढकललं. हलली नाही. दोरा ओढून घेतला. काठी उभी.

"सोडू नका," बायको म्हणाली.

"सोडलीय केव्हाच."

तिने आत वाकून पाहिलं. मग घोडी उभी केली, चारही तारा थोड्या थोड्या, आळीपाळीने ताणत गेली. बेस उभा केला, गजाला राळ घासली, आणि सगळ्यात जाड तार ओढली. खिडकीची काच थरथरली. स्वयंपाकघरातली भांडी बोलली. वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई जिन्यातून ओरडल्या, "डॉक्टर साहब, जनरेटर ले लिया क्या?" ती हसत होती आणि वाजवत होती, आणि मी कपाळाला आरसा बांधलेला तसाच जमिनीवर बसलो होतो. आयुष्यात मी केलेल्या सगळ्या शस्त्रक्रियांत हीच मला आजही सर्वांत यशस्वी वाटते.

तालमीला आल्यावर बँडमास्तरांनी भोकातून आत बॅटरी मारली, बराच वेळ बघितलं, आणि माझ्याशी हात मिळवला. कीबोर्डचा विषय पुन्हा निघाला नाही.

नाताळच्या कार्यक्रमात ती सगळ्यात मागे उभी होती, जिथे बेस वाजवणारे उभे राहतात. लोक व्हायोलिनकडे बघत होते. पण कानाचा डॉक्टर म्हणून सांगतो, ती मधे दोन ओळी थांबली तेव्हा सगळ्या चर्चला जमीन खालून निघून गेल्यासारखं झालं, आणि ती परत वाजवू लागली तेव्हा माझ्या पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंनी नकळत मान डोलावली.

कार्यक्रम संपल्यावर बँडमास्तर तिच्याकडे गेले. "बेटी, फरवरी में डेहराडून में प्रोग्राम है. चार दिन लगेंगे. चलोगी?"

"चलूँगी," ती म्हणाली. एका क्षणात, गजाचे केस सैल करता करता.

मग ती माझ्याकडे वळली. "अहो, त्या आठवड्यात लेकीचा डबा तुम्ही करायचा. आणि पोळ्या बाहेरून आणायच्या नाहीत."