काळ्या मुखवट्यातले राणी हात

नव्वदच्या दशकात केबल आली आणि सुरतेत घरोघरी परदेशी पैलवान खुर्च्यांनी एकमेकांची डोकी फोडू लागले. ते पाहून पांडेसऱ्यातल्या एका मंडपवाल्याला वाटलं, हे आपल्याकडेही चालेल. त्याच्याकडे बांबू होते, दोर होते, गाद्या होत्या. पैलवान नव्हते, म्हणून त्याने मिल-लूमवरच्या आम्हा कामगारांना घेतलं.

प्रकार जोडीच्या कुस्तीचा. एक आत मार खातो, त्याचा जोडीदार कोपऱ्यात दोराबाहेर हात पुढे करून उभा असतो. हाताला हात लागला की बाहेरचा आत, आतला बाहेर. सोनेरी मुखवट्यांची जोडी जिंकायची आणि काळ्या मुखवट्यांची हरायची, हे आधीच ठरलेलं. मी काळा. गावच्या जत्रेत नारळाची कुस्तीसुद्धा न मारलेल्या माणसाला याहून योग्य जागा नव्हती. माझी निम्मी कारकीर्द पाठीवर गेली आणि उरलेली दोराला लोंबकळत.

बायकोला मात्र मी सोनेरी असल्याचं सांगितलं होतं. तोंड झाकलेलं असताना खोटं बोलायला काय जातं? ती शेजारणींत तोऱ्याने मिरवायची आणि मला रोज दुधाचा मोठा पेला द्यायची. मी तो निर्लज्जपणे रिचवायचो. फक्त ती कधी बघायला येऊ नये, एवढंच देवाकडे मागायचो. तिच्यासमोर पितळ उघडं पडलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

एका सुट्टीला ती आलीच, शेजारणींना घेऊन, थेट पहिल्या रांगेत. मी मनाला समजावलं, गुपचूप मार खायचा आणि घरी जाऊन सोनेरी व्हायचं. सोनेरीने मला उचलून आपटलं की ती टाळ्या पिटून आणखी मारायला सांगायची.

"हाना आखो त्याले!"

मग ठरलेला गद्दारीचा भाग आला. मी पालथा पडून कोपऱ्याकडे हात लांबवायचा आणि माझ्या जोडीदाराने तो न धरता खाली उडी मारून चालतं व्हायचं. तो गेला. मी हात लांबवला. कोपरापर्यंत राणी रंगाचा. त्या आठवड्यात आमच्या डाइंग मिलमध्ये राणीच चालू होता आणि मी शहाणा तोंड झाकून, हात उघडे टाकून आलो होतो. सकाळीच बायकोने ते लिंबाने घासले होते. सोनेरी बमरोलीचा लूमवाला, त्याचे हात स्वच्छ.

तिच्या टाळ्या थांबल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ही उठून जाणार, असं वाटलं. ती उठली. पदर खोचला, रिकाम्या कोपऱ्यात चढली आणि दोरातून हात पुढे केला.

"हात द्या! मी शे ना आठे!"

मैदानात शिट्ट्यांचा कल्लोळ. मी सरपटत जाऊन हात दिला. नियम तो नियम, ती आत आली, मी बाहेर. सोनेरीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तो पलीकडून मुकाट खाली उतरला. काळ्या जोडीने जिंकलेली ती एकुलती एक कुस्ती. मी दोराबाहेर उभा राहून मुखवट्यात रडत होतो.

घरी तिने नेहमीचाच मोठा पेला पुढे केला. मला तो घ्यायचा धीर होईना.

"प्या," ती माझ्या सुजलेल्या पाठीकडे बघत म्हणाली. "मार त खराच लागना ना."