काळ्या दातावरचं पाणी

वृषाली ओव्हाळ रिहे गावची. विहाराला लागून जे पहिलं घर आहे ते तिचं. अंगणात उभं राहिलं की चारी बाजूंना डोंगर, आणि समुद्र म्हणाल तर घाट उतरून पार पलीकडे. पस्तिशीपर्यंत तिनं तो दोनदाच पाहिला होता. एकदा शाळेच्या सहलीत आणि एकदा मैत्रिणीच्या लग्नाला गेली तेव्हा. दोन्ही वेळा घोट्याच्या वर पाणी येऊ दिलं नव्हतं. तरी सहा वर्षं रोज सकाळी ती एका समुद्राबद्दल चार ओळी लिहीत होती, आणि त्या ओळी वाचून माणसं पाण्यात उतरत होती.

गावच्या शाळेत पर्जन्यमापक होतं. सातवीत असताना त्यातलं पाणी मोजून फळ्यावर आकडा लिहायचं काम गुरुजींनी तिच्याकडे दिलं, आणि तिथून जे वेड लागलं ते तिला पुण्यात हवामानशास्त्राच्या पदवीपर्यंत घेऊन गेलं. पुढे हिंजवडीत एका छोट्या कंपनीत नोकरी लागली. कंपनी जहाजांना आणि बंदरांना वाऱ्या-लाटांचा अंदाज द्यायची. मग एका परदेशी वेबसाइटचं काम आलं. लाटांवर फळी घेऊन तरंगणाऱ्यांसाठी, म्हणजे सर्फिंगवाल्यांसाठी, ठिकठिकाणचा रोजचा अंदाज. वृषालीच्या वाट्याला आली अकरा ठिकाणं. त्यातलं एक अंदमानात, दक्षिणेकडच्या एका बेटाच्या उघड्या पश्चिम किनाऱ्यावर. तिथले बोटवाले त्याला काला दाँत म्हणायचे. ऑफिसात त्याचा काळा दात झाला.

किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर पाण्याखाली प्रवाळाचा खडक. भर समुद्रातून आलेली लाट मध्ये कुठेही न अडता थेट त्याच्यावर येऊन उभी राहते. ओहोटीला खडकावर गुडघाभर पाणी, आणि खाली सुऱ्यांसारखी धार. वेबसाइटवर त्या नावापुढे कायम लाल अक्षरांत असायचं, फक्त मुरलेल्यांसाठी. त्याखाली वृषालीच्या इंग्रजी ओळी. लाटेची उंची किती, दोन लाटांमध्ये किती सेकंदांचं अंतर, वारा जमिनीकडून की समुद्राकडून, ओहोटी कधी. आणि शेवटी एक रंग. हिरवा, पिवळा नाहीतर लाल. रंग संगणक ठरवायचा.

ती हे काम मन लावून करायची. पहाटे उठून भाकऱ्या टाकायच्या, स्कूटर काढायची, घोटावड्याच्या फाट्यावर ट्रकांच्या मधून वाट काढत साडेसहाला ऑफिस गाठायचं. सहा वर्षांत तिचा अंदाज क्वचितच चुकला.

त्या एप्रिलमधल्या गुरुवारीही तो चुकला नव्हता.

दक्षिणेकडे, अंटार्क्टिकाच्या बाजूला आठवडाभरापूर्वी एक मोठं वादळ होऊन गेलं होतं. त्याच्या लाटा हजारो किलोमीटर चालत वर आल्या होत्या. वृषालीनं लिहिलं, उंची एक पूर्णांक एक मीटर, अंतर एकोणीस सेकंद, वारा जमिनीकडून मंद, ओहोटी नऊ चाळीसला. संगणकानं उंची पाहिली, वारा पाहिला आणि हिरवा रंग दिला.

शुक्रवारी सकाळी तिचे साहेब, शेखर, तिच्या टेबलाशी आले. खुर्ची ओढून बसले. एरवी ते कधी बसत नसत.

"वृषाली, काळ्या दातावर काल एक जण गेला."

"गेला म्हणजे?"

"वारला. सिद्धांत नावाचा मुलगा, एकतीस वर्षांचा. दहा-बारा वर्षं सर्फिंग करत होता. मी आपला अंदाज तपासला. सगळे आकडे बरोबर आहेत. आपल्यावर काही येत नाही."

तिनं मान हलवली. त्या दिवशीच्या उरलेल्या दहा ठिकाणांचे अंदाज लिहिले. दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

पंधरा दिवसांनी खाली रिसेप्शनवरून फोन आला, तुम्हाला भेटायला कोणी आलंय. सोफ्यावर तिच्याच वयाची एक बाई बसली होती. साधा कुडता, मांडीवर एक कागद.

"मी किमया. सिद्धांतची बहीण. पुण्यातच राहते." ती उठून उभी राहिली. "भांडायला नाही आले. वेबसाइटवाल्यांना चार मेल केले तेव्हा तुमचं नाव मिळालं. मला फक्त हे समजावून सांगा. घरी कोणाला काही कळत नाही, आणि बाकीचे म्हणतात समुद्र आहे, होतं असं."

कागदावर त्या गुरुवारचा अंदाज छापलेला होता. वृषालीनं तो हातात घेतला. आपणच लिहिलेल्या ओळी तिला अनोळखी वाटल्या.

"ही उंची," ती म्हणाली, "खोल समुद्रातली. एक मीटर म्हणजे कमरेपेक्षा जरा वर."

"एवढीशी? मग तो..."

"दुसरा आकडा बघा. एकोणीस सेकंद. साधारण दिवशी तो दहा-बारा असतो. अंतर जेवढं जास्त तेवढी लाट पाण्यात खोलवर पोचलेली असते. अशी लाट खडकावर आली की दुप्पट-तिप्पट उभी राहते. आणि अशा लाटा सारख्या येत नाहीत. सात-आठ येतात, मग वीस-पंचवीस मिनिटं काहीच नाही. समुद्र तळ्यासारखा दिसतो. किनाऱ्यावरच्या माणसाला वाटतं, आज पाणी शांत आहे."

किमया ऐकत होती. एकेक शब्द ती मनात ठेवून घेत होती असं वृषालीला दिसत होतं.

"तो शांत पाण्यातच उतरला," किमया म्हणाली. "त्याच्या मित्रांनी सांगितलं. पंधरा-वीस मिनिटं बसून बघितलं, काही येईना, म्हणून खडकावरून पलीकडे निघाला. मध्येच असताना ते आलं." तिनं बोट कागदावर ठेवलं. "हे तुम्ही आत्ता सांगितलंत ते, शांत दिसतं वगैरे, हे यात कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

वृषालीला सांगता आलं असतं की वेबसाइटच्या चौकटीत दोनशे अक्षरांच्या वर बसत नाही, रंग माझ्या हातात नाही, मुरलेल्या माणसाला एकोणीसचा अर्थ कळायला हवा. यातलं काहीही खोटं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "माहीत होतं."

किमयानं कागदाची घडी घातली. रडली नाही, आवाज चढवला नाही. "बरं झालं तुम्ही खरं बोललात," एवढंच म्हणाली आणि दारातून बाहेर पडली. रस्त्यावर ती रिक्षाची वाट बघत उभी होती तोवर वृषाली काचेमागे उभी होती.

पुढच्या रविवारी तिचे वडील, आबा, राब भाजत होते. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून तयार करायची असते. शेण, पालापाचोळा, वर मातीचा थर, आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं काडी लावायची. आबा घोटावड्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून दोन खाचरांचं भात तेच बघत. वृषाली फांदी घेऊन बांधावर उभी होती, जाळ पलीकडे जाऊ नये म्हणून. तिथं तिनं आबांना सगळं सांगितलं. नोकरी सोडायचं मनात आहे हेही.

आबांनी जाळावरची नजर न हलवता विचारलं,

"ती जागा तू पाह्यलीयास का?"

"न्हाई."

"फोटू?"

"नकाशा पाह्यलाय. आकडं पाह्यल्यात."

"सा वर्सं लिवतीयास आन् पाह्यली न्हाईस." आबांच्या बोलण्यात राग नव्हता, नवल होतं. "आदी जाऊन बघून ये. सोडायचं का ऱ्हायचं त्ये मंग ठरव."

"लई लांब हाय, आबा."

"त्यो पोरगा गेला न्हवं का तितं?"

वृषालीनं बांधाकडे सरकलेला जाळ फांदीनं झोडपला.

मे महिन्यात तिनं दहा दिवसांची रजा टाकली. आधी विमान, मग आठ तास जहाज. जहाजावर तिला इतक्या उलट्या झाल्या की शेजारच्या बाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिर्की नावाचा बोटवाला तिला घ्यायला आला होता. पन्नाशीचा, काळा, हसताना फक्त डोळ्यांनी हसणारा. सिद्धांतला पाण्यातून बाहेर काढणारा तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला बोटीनं खडकाजवळ घेऊन गेला. वृषालीनं लाइफ जॅकेटचे पट्टे तीनदा ओढून पाहिले. इंजिन बंद केल्यावर तिर्की म्हणाला, "अब देखिए, मॅडम."

आधी काही दिसेना. निळं पाणी, त्याखाली तपकिरी सावली. मग पश्चिमेकडून एक रेघ आली. ती रेघ जवळ येता येता खडकावर अडखळली आणि उभी राहिली, काचेसारखी, आतून हिरवी. वरचा काठ पुढे झुकला आणि सगळं खाली कोसळलं. आवाज कानात नाही, छातीत बसला. बोटीची फळी तिच्या पायाखाली थरथरली. लाट ओसरली तेव्हा खडकाची काळी टोकं क्षणभर उघडी पडली. त्या दिवशी अंदाजातला आकडा होता शून्य पूर्णांक आठ मीटर, बारा सेकंद. किरकोळ दिवस.

तिर्कीनं हातानं दाखवलं. "वहाँ. उसकी रस्सी वहाँ फँसी थी." फळी पायाला बांधायची दोरी. खडकाच्या एका सुळक्यात ती अडकली होती आणि सिद्धांतला वर येता आलं नव्हतं. तिर्की दोन लाटांच्या मधे उडी मारून गेला, चाकूनं दोरी कापली, पण तोवर उशीर झाला होता. त्याच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे ओरखडे होते.

"मैं मोबाइल देखता हूँ रोज," तो म्हणाला. "अंग्रेज़ी नहीं आती. हरा-लाल देखता हूँ. उस दिन हरा था."

वृषाली बोटीत खाली बसली. किमयासमोर ती खरं बोलली होती, पण त्या खऱ्याचं वजन तिला आत्ता कळलं. तिच्या चार ओळी तिर्कीनं कधी वाचल्याच नव्हत्या. सहा वर्षं तो फक्त रंग बघून माणसांना पाण्यात नेत होता. ती रडली, आणि तिर्की तिच्याकडे पाठ करून इंजिनाशी काहीतरी करत राहिला, ते संपेपर्यंत.

उरलेले चार दिवस ती रोज त्याच्याबरोबर गेली. कुठल्या भरतीला खडक झाकतो, वारा कुठून फिरला की पाणी खवळतं, किनाऱ्यावरच्या दोन माडांच्या मधे फेस दिसला की काय समजायचं, हे सगळं तिनं वहीत उतरवलं.

परत आल्यावर तिनं शेखरना दोन गोष्टी सांगितल्या. काळ्या दातावर अंतर सतरा सेकंदांच्या वर गेलं की संगणकानं हिरवा द्यायचा नाही, उंची काहीही असो; त्या दिवशीचा रंग ती ठरवेल. आणि चौकटीत हिंदीतून एक ओळ हवी.

"क्लायंट ऐकणार नाही," शेखर म्हणाले. "एका ठिकाणासाठी वेगळा नियम? आणि लाल दाखवून समुद्र शांत निघाला तर शिव्या आपल्याला."

"शिव्या माझ्या नावावर येऊ द्या. माझं नाव खाली टाका."

"तू भावनेच्या भरात बोलतेयस."

"सर, तिथला बोटवाला रंग बघून बोट काढतो. मी बघून आलेय."

शेखरनी तीन आठवडे घेतले. पण त्यांनीच शेवटी त्या परदेशी लोकांशी भांडून नियम बदलून घेतला, हेही सांगायला हवं. हिंदीची ओळ मात्र मिळाली नाही. म्हणून वृषाली रोज सकाळी अंदाज लिहून झाला की तिर्कीला फोन करते. हे तिच्या कामात कुठे धरलेलं नाही.

त्यानंतरच्या दोन वर्षांत तिनं तीनदा लाल दिला. पहिल्या वेळी दिवसभर समुद्र नुसता हलला. मुंबईहून सुट्टी काढून आलेल्या चौघांनी मेल लिहिले, एकानं तर घरी बसून भविष्य सांगणारी बाई म्हटलं. दुसऱ्या वेळीही फारसं काही झालं नाही, आणि शेखर दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाहीत. ती रात्री अंथरुणावर आकडे पुन्हा पुन्हा मनात घोळवत राहायची. चुकून घाबरट तर होत नाहीये ना मी, हे तिनं आबांना विचारलं. आबा म्हणाले, "मला काय त्यातलं कळतंय? तुला कळतंय त्ये लिव."

तिसरी वेळ यंदाच्या मार्चमधली. एक मीटर, वीस सेकंद. तिनं लाल दिला आणि तिर्कीला सांगितलं, आज कोणालाही नेऊ नका, पाणी कितीही निवांत दिसलं तरी. त्यानं सहा जणांना वाळूवर बसवून ठेवलं. त्यातले दोघं त्याच्यावर चिडून दुसऱ्या बोटीनं गेले.

साडेदहाला त्याचा फोन आला. तो ओरडून बोलत होता, कारण मागचा आवाज त्याला बोलू देत नव्हता. लाटा मोजतोय, म्हणाला. पाच. सहा. सात. मग त्यानं फोन समुद्राकडे धरला असावा. हिंजवडीत पाचव्या मजल्यावर वृषालीनं तो आवाज ऐकला आणि तो पुन्हा तसाच तिच्या छातीत बसला. गेलेल्या दोघांपैकी एकाचा खांदा निखळला होता, दुसऱ्याची पाठ सोलवटली होती. दोघंही जिवंत होते.

फोन ठेवल्यावर शेजारच्या टेबलावरच्या पायलनं विचारलं, काय झालं. वृषाली म्हणाली, "काही नाही. सगळे बाहेर आहेत."

किमयाला कळवावं असं तिला त्या दिवशी वाटलं. नंबर काढला, दोन ओळी लिहिल्या आणि पुसून टाकल्या. दुसऱ्या कोणाचा भाऊ वाचला यात त्या बाईनं काय आनंद मानावा, आणि का? तिनं फोन पालथा ठेवला. उद्याचे नकाशे आले होते. वादळाची शेपटी अजून एक दिवस राहणार होती. तिनं काळ्या दातापुढे पुन्हा लाल टाकला आणि ओहोटीची वेळ लिहायला घेतली.