भाऊसाहेबांचं बाळंतपण

घरात माशांचा, खाऱ्या पाण्याचा टँक असला की त्याच्या काठावर मीठ साचत जातं. आज पुसा, उद्या पुन्हा पांढरी किनार. आमच्याकडे किस्सेही तसेच साचलेत. मी पुसायचं सोडून दिलंय. तुम्ही चहाला आलाच आहात तर ऐका.

शिरीष, म्हणजे माझा नवरा, लेस्टरच्या कौन्सिलमधून रिटायर झाला आणि बैठकीच्या खोलीत टँक मांडून बसला. त्यात सीहॉर्सची, म्हणजे समुद्रघोड्यांची जोडी. घरात तेव्हा आम्ही दोघं आणि एक अबोला. आमची मुक्ता डेंटिस्ट्री अर्धवट सोडून लंडनकडे क्रॉयडनला ट्राम चालवायला लागली, तेव्हा शिरीष रागाच्या भरात तिला म्हणाला होता, "या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस." पोरगी हट्टाला बापावरच गेलेली, तिने खरंच ठेवला नाही. तेव्हापासून घरात ट्राम हा शब्द निघत नसे. फारच वेळ आली तर शिरीष "तिची ती नोकरी" म्हणायचा. मी तिच्याशी रोज फोनवर बोलायचे, किचनमध्ये, नळ सोडून.

*

सीहॉर्स थर्माकोलच्या खोक्यातून आले. नवी जोडी पहिल्यांदा घरात येतेय म्हणून मी निरांजन लावून तबक घेऊन दारात उभी. डिलिव्हरीवाला बिचारा खोकं धरून दोन पावलं मागे सरकला. त्याला वाटलं, इथे काहीतरी सही करण्यापलीकडचं करावं लागणार. शेवटी मी त्यालाही कुंकू लावून ओवाळलं. तो "चिअर्स, लव्ह" म्हणाला आणि कपाळाला हात लावत व्हॅनकडे गेला.

नावं आमच्या विद्याने ठेवली. विद्या म्हणजे दोन घरं सोडून राहणारी माझी मैत्रीण, जिला बोलावल्याशिवाय येता येतं. नराकडे बघून ती म्हणाली की याचं पोट आणि याचा तोरा बघता हा भाऊसाहेबच. मग मादी झाली मालती.

सकाळी टँकचा दिवा लागला की मालती तरंगत भाऊसाहेबांकडे यायची. दोघांचा रंग हळूहळू उजळायचा, शेपट्या एकमेकींत गुंतायच्या, आणि ती दोघं खोट्या पोवळ्याभोवती गोल गोल फिरत राहायची. रोज. जणू काल भेटलीच नव्हती. बाहेर कौन्सिलची कचऱ्याची गाडी घरघरत असायची आणि आत आम्ही दोघं ड्रेसिंग गाऊनमध्ये, हातातला चहा निवत, काचेकडे बघत बसलेले. लग्नापासून ज्याने मला कधी गुड मॉर्निंग म्हटलं नाही, तो माणूस जिन्याखालून हाक मारायचा, "ये लवकर, सुरू झालं." मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

*

एकदा आम्ही वेम्बलीला लग्नाला गेलो. सीहॉर्सना जेवू घालायचं काम विद्याकडे. फ्रीझरमध्ये बारीक कोळंबीचे तुकडे होते, ते वितळवून द्यायचे, एवढंच. पण त्या दिवशी निघाली एकादशी. विद्या एकादशीला कोळंबीला हात लावायची नाही. बरं, त्यांना उपाशी ठेवणंही तिच्याने होईना. तिने त्यांना भिजवलेला साबुदाणा दिला.

संध्याकाळी घाबऱ्या घाबऱ्या फोन. भाऊसाहेबांनी टक् करून दाणा आत ओढला, क्षणभर विचार केला आणि थुंकला.

शिरीषने कपाळाला हात लावला. मी विचारलं, "आणि मालती?"

"तिने बघितलं फक्त," विद्या म्हणाली. "पण आदराने गं."

*

पुढे मालतीने अंडी भाऊसाहेबांच्या पोटातल्या पिशवीत ठेवली. सीहॉर्समध्ये गरोदर राहतो तो नर. हे ऐकल्यावर विद्याच्या अंगात आलं. तिने सगळ्या बायकांना फोन केले आणि भाऊसाहेबांचं डोहाळजेवण ठरवलं!

टँकला हिरव्या बांगड्यांची माळ बांधली. शेजारी ओटीचा नारळ. विद्याने टँकसमोर दोन झाकलेल्या वाट्या ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी. भाऊसाहेब ज्या वाटीकडे बघतील ती उघडायची. सगळ्या बायका श्वास रोखून काचेला नाक लावून बसल्या. आता सीहॉर्सचे डोळे स्वतंत्र फिरतात, हे कोणाला ठाऊक? भाऊसाहेबांनी एक डोळा एका वाटीवर ठेवला आणि दुसरा दुसरीवर.

फोटो फॅमिली ग्रुपवर गेला. रात्री जेवताना शिरीषने वरणात चमचा फिरवत विचारलं, कोणाकोणाच्या कॉमेंट आल्या. मी सगळी नावं सांगितली, मुक्ताचं शेवटी. तिने भाऊसाहेबांना हार्ट पाठवलं होतं. त्याने भात परत घेतला.

*

पिल्लं झाली ती सकाळची. भाऊसाहेब पोट आवळायचे आणि पाण्यात धुरासारखी पिल्लं उडायची, पापणीच्या केसाएवढी. आणि बाळंतपण उरकल्यावर त्यांनी पिल्लांकडे ढुंकून पाहिलं नाही. सरळ पोवळ्याला शेपटी गुंडाळून बसले.

शिरीष भयंकर चिडला. "एवढे दिवस पोटाशी घेऊन फिरला आणि आता ओळखही नाही? कसला बाप हा?"

मुक्ता तान्ही असताना मी हॉस्पिटलात रात्रपाळी करायचे, आणि शिरीष तिला माझ्या जुन्या शालीने पोटाशी बांधून घरभर फिरायचा. ती शाल अजून कपाटात आहे.

पिल्लं त्याने वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवली. त्यांना जिवंत खाणं लागतं. खारं पाणी ढवळून त्यात बारीक किड्यांची विकतची अंडी उबवायची आणि निघालेले किडे लगेच भरवायचे, दिवसभर पुन्हा पुन्हा. तरी रोज काही मरायची. शेवटी मूठभर उरली. ती जगवायचीच, असा त्याने ध्यास घेतला.

*

मी भाच्याच्या लग्नाला नाशिकला गेले होते. इकडे टँकचं पाणी बदलताना शिरीष ओल्या फरशीवरून घसरला आणि घोटा मोडला. ऑपरेशन करावं लागलं. विद्याने मला फोन केला. आधी रडली, मग म्हणाली, "मुलीला पाय ठेवू नकोस म्हणाला आणि स्वतःचाच मोडून बसला बघ!"

पण पिल्लांचं काय? ते किडे उबवणं विद्याच्या हातचं नव्हतं. मी मुक्ताला फोन लावला. मी म्हटलं, बाबांसाठी येऊ नकोस. पिल्लांसाठी ये.

तिने शिफ्ट बदलून घेतल्या आणि ट्रेनने लेस्टरला आली. किल्ली विद्याने दिली. मुक्ताने टँकसमोर उभं राहून हॉस्पिटलात बापाला फोन केला. इतक्या दिवसांनी दोघं बोलली, ती पाण्यात मीठ किती घालायचं यावर. मग रोज बोलत राहिली. मीठ, किडे, हीटर. दुसरं काही नाही, असं विद्या म्हणाली.

मी परत आले त्याच सकाळी शिरीषला हॉस्पिटलातून घरी सोडलं. टॅक्सीतून उतरून तो कुबड्यांवर दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला. आत टँकचा दिवा नुकताच लागला होता. मोठ्या टँकमध्ये भाऊसाहेब आणि मालती गोल गोल फिरत होती. छोट्या टँकशी मुक्ता पाठमोरी उभी, एक हात मनगटापर्यंत पाण्यात.

"बाबा," ती न वळता हळूच म्हणाली. "हा माझं बोट सोडतच नाहीये."

शिरीष जवळ गेला. तिच्या करंगळीला एका पिल्लाने शेपटी गुंडाळली होती. तो काचेपर्यंत वाकला.

"तुझी ट्राम कधी आहे?" त्याने विचारलं.

"उद्या दुपारी."

"मग राहू दे त्याला," तो म्हणाला, आणि कुबड्या भिंतीला टेकवून त्याने तिच्या शेजारी खुर्ची ओढली.