अप्पा मजेत आहेत

निवृत्त पोलिसाची जुनी केस म्हटलं की तुम्ही लगेच पांढऱ्या मिशा, बंदूक आणि जीपचा पाठलाग बघायला बसता. उठा. मला मिशा अजून धड फुटल्या नाहीत, आणि माझी 'निवृत्ती' म्हणजे सहा वर्षांत दिलेला राजीनामा. या केसमध्ये चोर नाही. सहलीला गेलेले दोन म्हातारे भाऊ आहेत, बागा आहेत, समुद्र आहे. 

मी म्हैसुरात नजरबादच्या बाजूला एका ठाण्यात कॉन्स्टेबल होतो. शाळा जवळच्या एच. डी. कोटे गावातली. तिथं हेडमास्तरांचा आवाज काढून मार खायचो, ठाण्यात इन्स्पेक्टरसाहेबांचा काढून चहा मिळवायचो.

एका सकाळी एक बाई आल्या. म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातल्या, शाळेत शिकवणाऱ्या. त्यांचे अप्पा धाकट्या भावाबरोबर चार दिवस समुद्राकडे गेले होते. आठ दिवस झाले, परत आले नव्हते. फोन दोघंही उचलत नव्हते. फक्त रोज संध्याकाळी अप्पांच्या मोबाइलवरून व्हॉइस मेसेज यायचा.

"मग मिसिंग कशी लिहू, बाई?" साहेब म्हणाले. "माणूस बोलतोय की!"

"सर, आवाज अप्पांचाच आहे. पण ते अप्पा नाहीत."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "ऐक रे, नकल्या. तुझंच खातं."

मी बाईंचा फोन कानाला लावला. "बाळा, सकाळी बाग बघितली, आयतु. फुलं काय मोठी! दुपारी समुद्रावर, आयतु. सुम्ने वाळूत बसलो. काळजी नको, आयतु." मागं लाटा. दुसऱ्या दिवशी दुसरी बाग, दुसरा किनारा, तोच आराम.

'सुम्ने' म्हणजे कन्नडमध्ये 'नुसतं, उगाच', आणि 'आयतु' म्हणजे 'झालं, ठीक'. आमच्या घराघरांत तो मराठीत मिसळलेलाच असतो. पण बाईंच्या फोनमध्ये गेल्या वर्षीचे मेसेज होते. त्यांत अप्पा तो शब्द एकदाच म्हणायचे, अगदी शेवटी: "आयतु, ठेवतो." बस.

नकल्याला नकल्या लांबून ओळखतो. खरा माणूस आपली लकब विसरून बोलतो. नक्कल करणारा ती दर वाक्याला टाकतो, लोकांनी ओळखावं म्हणून. मीही तेच करतो.

"बाई, कोणीतरी अप्पांचा आवाज काढतंय."

बाई बाकावर बसल्या. "काका. अप्पा त्यांना तम्मा म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ; ते अप्पांना अण्णा. लहानपणी दोघांचे आवाज आजीलासुद्धा वेगळे कळायचे नाहीत." मग हळूच म्हणाल्या, "मीच पाठवलं हो दोघांना. जरा आराम करा म्हणून."

मिसिंग दाखल झाली. मोबाइलचं लोकेशन मागवलं. आठ दिवस एकाच किनाऱ्यावर, जागचं हललेलं नाही. म्हणजे रोजच्या नव्या बागा खोट्या. साहेब तिकडच्या ठाण्याशी बोलायला आत गेले आणि माझ्या अंगात आलं. ठाण्याच्या लँडलाइनवरून काकांचा नंबर फिरवला. अनोळखी नंबर बघून असेल, उचलला.

मी अप्पांच्या आवाजात म्हणालो, "तम्मा, कुठं आहेस रे? मी इथं सुम्ने बसलोय."

पलीकडे लाटा. मग लहान पोरासारखा आवाज आला.

"अण्णा? पाण्यातून कधी आलास?"

रिसीव्हर माझ्या हातातून सुटला, तो थेट फोनवर आपटून कॉल कट झाला.

तिकडच्या पोलिसांना काका तासाभरात सापडले. वाळूत बसले होते, समोर चपलांचे दोन जोड नीट मांडून. पहिल्याच दिवशी सकाळी बाग बघून दोघं किनाऱ्यावर आले. अप्पा पाय भिजवायला गेले, काकांचा डोळा लागला. उठले तेव्हा नुसत्या चपला आणि अप्पांचा मोबाइल. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी लांब खाली किनाऱ्याला एक बॉडी लागली होती, दुसऱ्या ठाण्यात बेवारस म्हणून नोंदलेली. ते अप्पा.

काकांचा जबाब लिहायला मीच बसलो होतो.

"पोरीला काय सांगू? म्हटलं, उद्या सांगू. उद्या पुन्हा उद्या. मेसेज पाठवला की मीच परत परत ऐकायचो. अण्णा म्हणायचा, काळजी नको. मला बरं वाटायचं."

शेवटचं वाक्य ते कुणाच्या आवाजात बोलले, मला आजही सांगता येत नाही.

खोटं बोलणारा प्रत्येक जण समोरच्यालाच फसवत असतो असं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. आणि कुणाचा आवाज काढणं म्हणजे न विचारता त्याच्या घरात शिरणं, हेही.

साहेबांनी मेमो दिला. "ठाणं आहे की गणपतीचा स्टेज? परत असला फोन केलास तर बेल्ट काढून घेईन!" ते सोपं गेलं.

दिवसकार्य झाल्यावर बाई कागद न्यायला आल्या. मी फोन केला तेव्हा त्या मागच्याच बाकावर होत्या, हे मी विसरलो होतो. त्यांनी सही केली, पेन टेबलावर आपटलं.

"लाज नाही वाटली तुला? माझ्या बापाचा आवाज काढलास, आणि तसाच फोन आपटलास? अप्पांनी आयुष्यात कधी 'आयतु, ठेवतो' म्हटल्याशिवाय कुणाचा फोन ठेवला नाही!"