गुरुवारचा फोन

आमच्या घरात गुपित म्हणून काही टिकत नाही. मी भाजीत मीठ विसरले तरी नवऱ्याकडून दुपारपर्यंत सगळ्या आळीला कळतं. पण ही एक गोष्ट — सात वर्षं झाली — मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेली नाही. तुम्हाला सांगते.

शहापुरात राहून मी एका कंपनीचे साबण, टूथपेस्ट, चहापावडर विकायचे. दुकानातून नाही. बायकांनी बायकांना विकायचं आणि त्यांनी पुढे आणखी बायका जोडायच्या, अशी ती पद्धत. सुरुवातीला माझी टीम म्हणजे एकटी सुमन. डोळखांबच्या पुढे तिचा पाडा. मग शेणव्याच्या चौघी आल्या, मुरबाडकडच्या आल्या, आणि बघता बघता आम्ही साठजणी झालो. सगळ्यांशी संपर्क ठेवायचा, हा या धंद्याचा पहिला धडा. मीटिंगमध्ये तो मीच शिकवायचे — काय रुबाब होता माझा!

सुमन रोज फोन करायची. विकायची महिन्याला दोन साबण, बोलायची मात्र अर्धा अर्धा तास. शेळी व्याली, जाऊ रुसली, नाचणीवर पाखरं बसली. आधी मला ते गोड वाटायचं. मग टीम वाढली आणि — कसं सांगू? — तिचं नाव दिसलं की मी फोन उशीखाली सारायला लागले. एकदा शहापूरच्या बाजारात गाठून तिने विचारलंच, ताई, फोन का नाय उचलत? मी म्हणाले, "अगो, तुला रिंग ऐकू येते, पण माझ्याकडे वाजतच नाही. तुमच्या पाड्यात रेंज कमी पडते."

शुद्ध थाप. एवढ्यावर थांबले असते तर आज हे लिहायला बसले असते का? माहीत नाही.

त्या गुरुवारी तिचा फोन आला. लाजेपोटी म्हणा, मी उचलला. तिला धाप लागली होती. "लागला का वो ताई? पाड्यामागच्या डोंगरावर चढलेय. हितं रेंज हाय बगा!"

चांगली पाऊण तासाची चढण आहे ती. खरं सांगायची वेळ तीच होती. पण माझ्या मनात काय आलं असेल? की डोंगर चढायचा म्हणजे ही रोज फोन करणार नाही. आणि मी — अगदी लाडाने — म्हणाले, "हो गो, तिथून मस्त लागतो. तिथूनच करत जा."

दोन वर्षं ती दर गुरुवारी चढली. एकदा पाय मुरगळला होता, तरी लंगडत चढली. मी तिला सांगितलं, जपून उतर हो. हेही मीच.

पुढे कंपनीने गाशा गुंडाळला आणि साठजणी पांगल्या. मला फार वाईट वाटलं नाही. आता घरीच पापड करते, झोप छान लागते. त्या साठजणींतली एकच अजून फोन करते. डोळखांबला टॉवर आला, त्यामुळे आता घरूनही लागतो असं तिला वाटतं, म्हणून घरूनच. तिची शेळी, तिची जाऊ, सगळं मी कान देऊन ऐकते. आठवड्यातला तो माझा सगळ्यात आवडता अर्धा तास असतो, खोटं नाही सांगत.

गेल्या महिन्यात तिच्या मुलाच्या लग्नाला मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले. सुमनने नव्या सुनेला माझ्या पाया पडायला लावलं.

"ह्या माज्या ताई," ती म्हणाली. "साठ बायका होत्या ह्यांच्या हाताखाली. पन माजा गुरुवारचा फोन ह्यांनी कदी चुकवला नाय. ह्यांच्यासाटी मी डोंगर चढायची!"

सून माझ्याकडे कौतुकाने बघत राहिली. सुमनचा चेहरा नुसता फुलला होता. मी मान डोलावली, आणि ताटातला आणखी एक लाडू घेतला.