अण्णांचा गाल

तो माणूस वस्तरा आधी कानाशी न्यायचा. पात्यावर नखाने टिचकी मारायची, डोळे मिटून ऐकायचं आणि निकाल द्यायचा, "बोलतंय! पानी बरं पाजलंय याला." पोलाद किती कडक, हे म्हणे त्याला आवाजावरून कळायचं. तुम्ही असता तर माझ्यासारखेच आधी हसला असता आणि मग जळला असता.

आमच्या पनवेलच्या सोसायटीत तो समोरच्या फ्लॅटमध्ये राही. मूळचा गव्हाणचा, जमीन विकून निवांत झालेला. गळ्यात जाड साखळी, खाली मोठी गाडी आणि छंद काय, तर जुने वस्तरे जमवून त्यांना धार लावणं. याचं मला काही दुखलं नसतं. पण माझ्या वडिलांचे हात थरथरू लागले आणि जन्मभर वस्तऱ्याने दाढी केलेल्या अण्णांनी आपला गाल त्याच्या हाती दिला. पोटचा मुलगा घरात असताना!

मग मीही ऑनलाइन परदेशी वस्तरा मागवला. त्याने टिचकी मारली. "भाऊ, कडक हाय. धार टिकंल, पन लावताना घाम काढंल."

घाम काढायला मी तयार होतो. दगडावर धार पुढे ठेवून पातं सरकवतात, एवढं मी व्हिडिओत पाहिलं होतं. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पात्याची पाठ पुढे हवी. तिथवर व्हिडिओ पाहायला धीर कुणाला होता? खुंटीला अडकवलेला माझा ऑफिसचा पट्टा पहिल्याच फटक्यात अर्धा कापला.

"लागली की धार!" बायको म्हणाली. "आता पँट हाताने धरून जा ऑफिसला."

तो मात्र हसला नाही, हे जास्त लागलं. "आमी पन कापलेत," म्हणाला आणि अण्णांना फेस लावायला वळला. मी टॉवेल धरून उभा. दाढी करताना तो करंजा बंदरावरच्या मासळीच्या लिलावातली भांडणं रंगवून सांगायचा आणि अण्णा फेसातून खुसखुसायचे. माझ्या विनोदांना ते कधी हसल्याचं मला आठवत नाही.

"अण्णा, हसू नका, कापंल!" तो दटावायचा. माझ्या अण्णांना तोही अण्णाच म्हणायचा!

गेल्या थंडीत तो झोपेतच गेला. अण्णांनी दाढीला हात लावू दिला नाही. रक्ताच्या माणसाचं सुतक पाळावं, तसं पाळलं. गेलेल्या माणसावर जळू नये, हे कळत होतं. तरी जळलो.

त्याचा दहावा झाला आणि अण्णा आपणहून गॅलरीतल्या खुर्चीत येऊन बसले. "ये," मला म्हणाले. एवढ्या दिवसांनी माझी पाळी आली होती. मी वस्तरा टेकवला, तर गाल दगडासारखा घट्ट.

"दुखतंय का, अण्णा?"

"नाही रे. बोल काहीतरी. तो बोलायचा."

इतक्या वर्षांचा मुलगा मी, पण वडिलांशी काय बोलावं ते सुचेना. शेवटी त्याच्याबद्दलच बोलायला लागलो. हळूहळू माझ्या बोटांखाली अण्णांचा गाल सैल पडला.